मुखवटाच का? कायदा हातात घेणाऱ्या नायकाची आठ पानी ओरिजिन स्टोरी कशी रचावी

आई-वडिलांचा खून डोळ्यांदेखत पाहिलेली मुलं गोष्टींमध्ये पुष्कळ असतात. मोठी झाल्यावर कुणी वकील होतं, कुणी पोलिसात जातं, कुणी दारूला लागतं, कुणी नुसतंच जगत राहतं. त्यातलं एखादंच पोर तोंड झाकून रात्री छपरावर चढतं. ओरिजिन स्टोरीनं, म्हणजे नायक नायक कसा झाला या गोष्टीनं, हिशेब द्यायचा तो या एका पोराचा. त्याला काय लागलं, हे वाचकाला दोन चौकटींत कळतं. तो का लढतो, हेही पटकन पटतं. पण त्यानं मुखवटाच का घातला, हे गोष्टीला कमवावं लागतं. नवख्यांच्या बहुतेक गोष्टी फसतात त्या इथेच. पाच पानं दुःख, एक पान व्यायाम, आणि मग कपाटातून इस्त्री करून काढल्यासारखा तयार पोशाख!

खालची रीत आठ पानांच्या, काळ्या-पांढऱ्या, ए५ आकाराच्या कॉमिकसाठी आहे. एका माणसाला तेवढं झेपतं, आणि झेरॉक्सच्या दुकानात छापूनही मिळतं.

आधी १९३९ची दोन पानं

बॅटमॅन पहिल्यांदा आला 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७व्या अंकात, मे १९३९मध्ये. लेखन बिल फिंगरचं, चित्रं बॉब केनची. सहा पानांच्या त्या गोष्टीत ब्रूस वेन नावाचा आळशी श्रीमंत तरुण हाच बॅटमॅन आहे, हे अगदी शेवटी उघड होतं. तो हे सगळं का करतो, याबद्दल अक्षर नाही. कारण कळलं सहा महिन्यांनी, ३३व्या अंकात, आणि तेही अवघ्या दोन पानांत.

त्या दोन पानांचा क्रम कागदावर उतरवून घ्या. सिनेमा पाहून घरी निघालेलं कुटुंब. आईच्या गळ्यातला हार मागणारा लुटारू. आडवे येणारे वडील, गोळी. आईचा आक्रोश, दुसरी गोळी. मुलाचा चेहरा. मेणबत्तीच्या उजेडात शपथ. मोठा झालेला ब्रूस प्रयोगशाळेत, मग वजन उचलताना. मग तो खुर्चीत बसून विचार करतो: गुन्हेगार अंधश्रद्धाळू असतात, भेकड असतात, त्यांना धडकी भरेल असं रूप हवं. आणि उघड्या खिडकीतून वटवाघूळ आत येतं.

प्रशिक्षणाची सगळी वर्षं दोन चौकटींत उरकली आहेत. पोशाख ठरण्याच्या क्षणाला मात्र सावकाश जागा दिली आहे: विचार, अडचण, वटवाघूळ, निर्णय. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. कसरतीला अख्खं पान मिळतं आणि मुखवट्याला एक चौकट.

त्या दोन पानांत काय नाही, तेही पाहा. खुन्याला नाव नाही. 'जो चिल' हे नाव १९४८ साली 'बॅटमॅन'च्या ४७व्या अंकात आलं. खून झाला त्या गल्लीला 'क्राइम अ‍ॅली' हे नाव १९७६मध्ये मिळालं. तुटून रस्त्यावर घरंगळणारे मोती आज सगळ्यांच्या डोळ्यांपुढे येतात, पण ती प्रतिमा लेखक-चित्रकार फ्रँक मिलरनं १९८६च्या बॅटमॅन-मालिकेत रुजवली. म्हणजे पहिल्या सांगण्यात मोकळ्या जागा राहिल्या म्हणून पुढच्या लेखकांना काही ठेवता आलं. तुमच्या आठ पानांतही निदान दोन प्रश्न उघडे ठेवा. खुन्याचं नाव हा त्यातला सर्वांत सोपा.

मुखवट्याचं वाक्य

पटकथेला हात लावण्याआधी एक वाक्य लिहायचं आणि टेबलासमोर चिकटवायचं:

"चेहरा उघडा राहिला तर ______; आणि हाच मुखवटा, कारण ______."

दोन्ही रिकाम्या जागा ठोस भरल्याशिवाय पुढे जाऊ नका. "ओळख लपवण्यासाठी" हे उत्तर चालणार नाही. ते सगळ्यांनाच लागू पडतं, म्हणून कुणाचंच नसतं. टिकून राहिलेल्या पात्रांची वाक्यं किती वेगवेगळी आहेत, ते पाहा.

ली फॉकचा फँटम १७ फेब्रुवारी १९३६ रोजी वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत सुरू झाला. इंद्रजाल कॉमिक्समुळे आपल्याकडे तो वेताळ म्हणून घरोघरी पोचला. चेहरा उघडा राहिला, तर आधीचा वेताळ मेला आणि आता त्याचा मुलगा आला आहे हे जगाला कळेल. मुखवट्यामुळे एकवीस पिढ्या मिळून एकच न मरणारा माणूस होतो. इथे मुखवटा चेहऱ्याइतकाच मरणही झाकतो.

डेअरडेव्हिल एप्रिल १९६४चा, स्टॅन ली आणि बिल एव्हरेट यांचा. मुष्टियोद्धा असलेल्या बापाला मॅट मर्डॉकनं शब्द दिलेला असतो की मी मारामारी करणार नाही, शिकेन. पैसे घेऊन हरायला नकार दिल्यामुळे बापाचा खून होतो. आता शब्द मोडायचा कसा? मॅटनं लढायचं नाही, तर दुसऱ्या कुणीतरी लढायला हवं. तो दुसरा कुणी म्हणजे पोशाख. दिलेल्या शब्दातून काढलेली ही पळवाट इतकी सुबक आहे की वकील झालेल्या नायकाला तीच शोभते.

स्पायडरमॅनचं सगळ्यांत मजेशीर. ऑगस्ट १९६२च्या 'अमेझिंग फँटसी' १५मधली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांची ती ११ पानं. पीटर पहिल्यांदा चेहरा झाकतो तो कुस्तीच्या आखाड्यात उतरताना, आणि कारण काय, तर हरलो तर लोक हसतील! तेव्हा त्याचे बेनकाका, ज्यांचा पुढे एका चोराच्या हातून खून होतो, जिवंत असतात. लाजेपोटी घेतलेला मुखवटा पुढे शोकाचा होतो.

आणि आपल्या मुंबईतला, राज कॉमिक्सचा डोगा. कचऱ्यात टाकलेलं बाळ डाकूच्या हाती वाढतं, मुंबईत व्यायामशाळेत तयार होतं आणि कुत्र्याचं तोंड चढवून रस्त्यावर उतरतं. ज्याला माणसांनी फेकलं, तो माणसाचा चेहरा कशाला घेईल? दुसरी रिकामी जागा अशी भरलेली असली की लांबलचक स्पष्टीकरण लागत नाही.

पोलीस का नाहीत?

हा प्रश्न वाचक विचारणारच, आणि आपल्याकडे तर पहिल्या पानावर विचारेल. "पोलीस भ्रष्ट आहेत" एवढ्यावर उरकलंत तर नायक पोकळ होतो आणि पोलीसही कार्डबोर्डचे होतात. वाट नेमकी कुठे बंद झाली ते दाखवा: साक्षीदार फिरला, कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं, तडजोडीची रक्कम घरात आली आणि घरच्यांनीच तक्रार मागे घेतली. एकच बंद दार, पण नीट दाखवलेलं. आणि नायक जे करणार आहे ते त्याच दाराशी जुळलेलं हवं. नाहीतर तो रागावलेला जमाव होतो, फक्त एकट्याचा. अशा गोष्टी लिहिताना या फरकाची चाड ठेवायलाच हवी.

नमुना: वेल्डिंगचं हेल्मेट

पुढची सगळी पानं एका काल्पनिक पात्रावर दाखवतो, म्हणजे मापं आणि निर्णय हातात येतील. भोसरीतलं एक छोटं वर्कशॉप. वैशाली वेल्डर. तिचा धाकटा भाऊ सागर पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या यंत्रावर. माल लवकर निघावा म्हणून प्रेसचं सुरक्षा-गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेली आडकाठी) काढून ठेवलेलं. सागरचा हात जातो, रक्त जातं, आणि दोन दिवसांनी सागरही.

मुखवट्याचं वाक्य: "चेहरा उघडा राहिला तर तिच्याबरोबर तक्रारीवर सही करणारे तिघे कामावरून जातील, आणि हाच मुखवटा, कारण अपघात झाला त्या क्षणी तो तिच्या डोक्यावर होता."

तिचं कसब तिच्या रोजच्या कामातूनच येतं, त्यामुळे प्रशिक्षणाचं पान वाचतं. आठ पानांत हा मोठा फायदा आहे.

आठ पानांची वाटणी

मराठी पुस्तकात पहिलं पान उजवीकडे येतं. दोन-तीन समोरासमोर, मग पान उलटायचं, चार-पाच, पुन्हा उलटायचं, सहा-सात, पुन्हा उलटायचं, आठ. वाचकाला धक्का द्यायचा तो सम पानाच्या पहिल्या चौकटीत, कारण पान उलटेपर्यंत ती दिसत नाही. विषम पानाच्या मध्यावर ठेवलेला धक्का वाचक डावं पान वाचतानाच डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहून बसतो. अपघात पाचव्या पानावर गेला तर गोष्ट मेली म्हणून समजा.

पहिलं पान: रात्र, पत्र्याचं छप्पर, चौकोनी काचेचं डोकं असलेली आकृती. दोन किंवा तीन चौकटी, शब्द जवळजवळ नाहीत. दोन आणि तीन: बहीण-भावाचा साधा दिवस, पानाला सहा चौकटी. डबा, चेष्टा, "ताई, पगार झाला की चप्पल घे" यासारखं एखादं वाक्य. इथे प्रेम शब्दांनी सांगू नका, डबा वाटून खाताना दाखवा. तिसऱ्या पानावर एका छोट्या चौकटीत भिंतीला टेकलेलं गार्ड येऊन जातं. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

चौथं पान हे या कॉमिकचं काळीज. त्याची पटकथा पूर्ण देतो:

चौकट १, पूर्ण रुंदी. प्रेस थांबलेला, रॅम (वर-खाली होणारा जड ठोकळा) खाली. समोरचं स्टूल रिकामं. आवाज नाही, संवादाचा फुगा नाही.
चौकट २. शेजारच्या लेथवरचा माणूस, हात स्विचवर, मान वळलेली.
चौकट ३. दारात मालक. फोन कानाला, तोंड अर्धवट उघडं.
चौकट ४. वैशालीनं हेल्मेट वर सारलेलं. कपाळावर हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ.
चौकट ५. गार्ड, भिंतीला टेकलेलं. शेजारी डब्यात चार बोल्ट.
चौकट ६. पुन्हा वैशाली, आता फक्त डोळे. फुगा: "सागर?"

हात दाखवलेला नाही, रक्त नाही. वाचकाच्या मनात आपण ठेवायचं आहे ते गार्ड आणि ते चार बोल्ट, कारण शेवटच्या पानाला तेच लागणार आहेत. रक्त दाखवलं की वाचक रक्त लक्षात ठेवतो आणि बोल्ट विसरतो. शिवाय रिकाम्या स्टूलाइतकं भयंकर आपल्याला काही काढताही येणार नाही.

पाचवं पान: इस्पितळाचा बाक, तडजोडीचा कागद, पोलीस ठाण्यातला 'निष्काळजीपणा' हा शब्द. सात चौकटी चालतील, कारण इथे वेग हवा आहे, जणू सगळं हातातून निसटतंय.

सहावं पान अपयशाचं, आणि नवखे नेमकं हेच गाळतात. १९८७ साली मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी 'बॅटमॅन'च्या ४०४ ते ४०७ या चार अंकांत उगमकथा पुन्हा सांगितली, तेव्हा ब्रूस पहिल्यांदा बाहेर पडतो तो मुखवट्याशिवाय, गालावर खोटा व्रण लावून. शरीर तयार आहे, पैसा आहे, राग आहे, तरी मार खातो, भोसकला जातो, पोलिसांची गोळी लागते आणि रक्त गळत घरी येतो. कुणी घाबरलंच नाही. त्याच रात्री वटवाघूळ काच फोडून आत येतं. १९३९मध्ये जे उघड्या खिडकीतून सहज आलं होतं, ते इथे हरल्यामुळे मिळतं. वैशालीचंही तसंच करा: ती तिघांना घेऊन, तोंड उघडं ठेवून, तक्रार घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी गेटवर तिघांची हजेरीची कार्डं नाहीत. त्या तिघांच्या घरची माणसं तिच्याकडे पाहतात, ती चौकट मोठी ठेवा.

सातवं पान: घरात हेल्मेट. शपथ घ्यायची असेल तर इथे, आणि एका फुग्यात. शपथ जितकी लांब तितकी खोटी वाटते.

आठवं पान, उलटल्यावर: ठिणग्यांचा झोत. ती रात्री वर्कशॉपमध्ये शिरून गार्ड प्रेसला वेल्ड करते आहे, पुन्हा कधी निघणार नाही असं. दारात आलेला मालक त्या उजेडानं डोळ्यांवर हात घेतो. चार बोल्ट तिच्या मुठीत. संपलं.

मालकाला शिक्षा झाली का? नाही, आणि ती या आठ पानांत होऊ नये. अपराध्याचा निकाल ओरिजिनमध्येच लागला तर नायकाला दुसऱ्या रात्री बाहेर पडायला कारण उरत नाही. स्पायडरमॅन आपल्या चोराला त्याच गोष्टीत पकडतो, हे खरं. पण पकडल्यावर कळतं की मागे पळून जाऊ दिलेला चोर हाच, आणि ती बोच कुठल्याही अटकेनं निघत नाही. म्हणजे अपराधी मोकळा राहू दे, नाहीतर अपराधाची बोच राहू दे. दोन्ही मिटवू नका.

मुखवटा कागदावर उतरवताना

पहिली चाचणी आकाराची. मुखवटा घातलेलं डोकं पूर्ण काळं भरून २ सेंमी उंचीत काढा आणि हातभर लांबून पाहा. ओळखू आलं नाही तर शोभेच्या रेषा कितीही वाढवा, उपयोग नाही. बॅटमॅनचे दोन कान आणि डोगाचं कुत्र्याचं तोंड या चाचणीत लगेच ओळखू येतात. वेल्डिंगच्या हेल्मेटचा खाली निमुळता होणारा ढालीसारखा आकारही चालतो, फक्त समोरची आयताकृती काच पांढरी सोडावी लागते.

दुसरी चाचणी भावांची. मुखवट्यानं चेहऱ्याचा किती भाग खाल्ला, यावर तुमचं पुढचं सगळं चित्रण ठरतं. बॅटमॅनचा जबडा उघडा आहे, म्हणून ओठांवर काम भागतं. स्पायडरमॅनचा चेहरा पूर्ण झाकलेला, म्हणून डिट्कोनं बोटं, खांदे आणि वाकलेली पाठ बोलती केली. वेताळाला डोळ्यांच्या बाहुल्याच नाहीत. फॉकच्या त्या कल्पनेमुळे नजर कुठे आहे हे समोरच्याला कळत नाही, आणि पुढे कित्येक मुखवट्यांनी ती उचलली.

वैशालीच्या हेल्मेटला एक खरी अडचण आहे आणि चोखंदळ वाचक ती काढणारच: वेल्डिंगच्या काळ्या काचेतून रात्री काही दिसत नाही. आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत विजेचा झोत, पेटला तरच दिसतं. उपाय बाजारातच आहे. काही हेल्मेटांची काळी काच बिजागरीवर वर उचलता येते आणि आत साधी पारदर्शक काच राहते. मग नियम करून टाका: काळी काच वर असताना डोळे दिसतात, ती माणूस असते. काच खाली पडली की आर्क पेटणार, आणि तेव्हा ती ठिणगी असते. अडचणीतूनच भाव दाखवायची सोय निघाली. पोशाखाची अशी एक तरी व्यवहारी अडचण शोधा आणि झाकण्याऐवजी वापरा.

डोकं सहा बाजूंनी काढून ठेवा: समोरून, पाऊण, बाजूनं, मागून, वर पाहताना, खाली पाहताना. हा कागद पुढची आठ पानं शेजारी हवा. खाली पाहताना मुखवट्याची वरची कड पुढे येते आणि डोळ्यांची पट्टी खाली सरकून अरुंद होते. हे न तपासता काढलं की तिसऱ्या पानापर्यंत डोकं बदललेलं असतं.

काळा मुखवटा काळ्या रात्रीत विरघळतो, ही ठरलेली चूक. आकृतीभोवती मूळ चित्रात २ मिमी पांढरी कड सोडा, किंवा मागे पेटलेली खिडकी, पत्र्यावरचा उजेड असं काही ठेवा. उजेड कुठून येतो, हे चौकटीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बाण काढून आधी ठरवायचं. दोन चौकटींत तो बाण उलटा झाला, तर वाचकाला कारण सांगता येणार नाही, पण काहीतरी चुकलंय हे जाणवेल.

कागद, मापं, रेषा

आधी ए४ कागद आडवा धरून त्यावर ५ × ७ सेंमीची आठ खोकी आखा, चारच्या दोन ओळी, आणि त्यात सगळं कॉमिक काडीच्या माणसांनी काढा. आठही पानं एका नजरेत दिसली पाहिजेत. दोन शेजारची पानं सारखी दिसत असतील तर आत्ताच बदला, नंतर जीव होत नाही.

मूळ चित्र ए३वर काढा. ए३चं ए५ होताना प्रत्येक माप बरोबर निम्मं होतं, त्यामुळे हिशेब सोपा राहतो. छापील पानात कडेपासून १० मिमी आत मजकूर हवा, म्हणजे ए३वर २० मिमी. चौकटींमधली पट्टी ए३वर ८ मिमी. चौकटीची रेष साधारण १ मिमी. सर्वांत बारीक पेन ०.३ मिमी, त्याहून बारीक रेषा निम्मी झाल्यावर झेरॉक्समध्ये तुटते, आणि तुटते नेमकी डोळ्याभोवतीची.

देवनागरी फुगे

इंग्रजी कॉमिक्समध्ये जुना हिशेब असा: पानाला सहा चौकटी, चौकटीला फार तर ३५ शब्द, फुग्याला २५. तो जसाच्या तसा मराठीत आणू नका. इंग्रजी लेटरिंग (फुग्यांतली अक्षरं) सहसा सगळं मोठ्या अक्षरांत असतं, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटून बसतात. देवनागरीला वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार, जोडाक्षरांचे पाय. तीच उंची गाठायला आपल्याला जास्त जागा लागते. मराठीत फुग्याला १५ ते १८ शब्द, पाच ओळींच्या आत, आणि पानाला १२० शब्दांवर जाऊ नये.

हातानं लिहिणार असाल तर ए३वर अक्षराच्या अंगाला ५ मिमी, वर ३ आणि खाली ३, अशा ११ मिमीच्या पट्ट्या निळ्या पेन्सिलीनं आखा. पट्ट्या न आखता लिहिलं की 'र्की' आणि 'द्धृ' यांची वरच्या-खालच्या ओळींशी मारामारी होते. जोडाक्षर कधीही दोन ओळींत फोडू नका. जोर द्यायचा तर अक्षर जाड करा. देवनागरी तिरकी केली की शिरोरेखा घसरते आणि शब्द पडल्यासारखा दिसतो.

संगणकावर करणार असाल तर युनिकोड फॉन्टच वापरा. मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू मोफत मिळतात, आणि बालूचं जाड वजन किंकाळ्यांना छान जातं. फोटोशॉपमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागे पडत असेल किंवा जोडाक्षरं सुटी दिसत असतील, तर फॉन्टला दोष देऊ नका. टाइपच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडा. इंकस्केप या मोफत चित्रकामाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही कटकट सहसा येत नाही.

फुगा आधी लिहायचा, चित्र नंतर रंगवायचं. चित्र पूर्ण झाल्यावर फुगा बसवायला गेलं की तो मुखवट्याच्या कानावरच बसतो. पूर्ण झाकलेल्या चेहऱ्याच्या बाबतीत फुग्याचं शेपूट तोंड जिथे असेल त्या दिशेनं न्या, कपाळाकडे नको.

आवाजांच्या अक्षरांत आपली लिपी श्रीमंत आहे, हात आखडू नका. प्रेसचा 'धाड्' सरळ, जड, खालून सपाट. आर्कचा 'चर्रर्र' थरथरत्या शिरोरेखेचा. आघात दाखवायचा असेल तर शिरोरेखाच तडकवा. रोमन लिपीला ही सोयच नाही.

छपाई

ए३ पान ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन केलं की ए५ला ते आपोआप ६०० पडतं, रेषाचित्राला पुरेसं. घरचा स्कॅनर ए४ असेल तर पान तीन भागांत घ्या, शेजारच्या भागांत निदान ३ सेंमी सामायिक ठेवून जोडा. करडा रंग उडवून निव्वळ काळं-पांढरं करा. सहाव्या पानावरची पुसलेली पेन्सिल कधीकधी इथे परत उगवते, म्हणून खोडरबर शाई पूर्ण वाळल्यावर आणि दोनदा.

आठ पानं म्हणजे ए४चे दोन कागद, पाठपोट. पहिल्या कागदाच्या एका बाजूला डावीकडे ८, उजवीकडे १. मागे २ आणि ७. दुसऱ्या कागदावर ६ आणि ३. मागे ४ आणि ५. दुकानदाराला आखूड कडेवर पलटायला सांगा, नाहीतर मागची पानं उलटी येतात. आतला कागद ८० ते १०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागदाची जाडी). कव्हर हवं असेल तर १७० जीएसएमचा तिसरा कागद बाहेरून.

४ आणि ५ ही पानं एकाच कागदाच्या एकाच बाजूला छापली जातात, म्हणून या पुस्तिकेत दोन पानांवर पसरलेलं चित्र बिनचूक जुळतं ते फक्त तिथेच. थांबलेला प्रेस पाचव्या पानाच्या अर्ध्यापर्यंत न्यायचा असेल तर जरूर न्या. पिना त्याच घडीतून जातात, तेव्हा रिकामं स्टूल आणि "सागर?"चा फुगा घडीपासून निदान १० मिमी दूर ठेवा.